होटगीच्या अठरा ओळी

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास चेतनाचा फोन आला.

"काका, फाइल पाठवलीय. या खेपेला लई घाण आहे हं. रडू नका," ती म्हणाली. मग घाईघाईनं म्हणाली, "म्हणजे तसं नाही हो काका."

"कळलं गं मला. कधीपर्यंत हवी?"

"सोमवारी सकाळी पुण्याला पाठवायची. मंगळवारी डॉक्टरांची गाडी येणार."

यज्ञेश्वररावांनी बरं म्हणून फोन ठेवला. माणसं त्यांच्याशी अशी जपून बोलायची, त्याचाच त्यांना जास्त त्रास व्हायचा. इंद्रायणीला जाऊन साडेआठ महिने झाले होते. मार्चची नऊ तारीख, रविवार. सकाळी चहा केला, कप ओट्यावर ठेवला आणि छातीला हात लावून खाली बसली. जुळे सोलापुरातल्या त्या फ्लॅटमध्ये तेव्हापासून एकटेच होते ते.

चेतना ज्या मंडळाचं काम बघायची, ते एकट्या म्हाताऱ्या माणसांसाठी होतं. मंडळाचे चाळीसएक सेवक शहरात आणि आसपासच्या गावांत अशा घरी दर पंधरा दिवसांनी जायचे, रक्तदाब मोजायचे, चार शब्द बोलायचे आणि फोनवरून नोंद करायचे. इंद्रायणी शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यात गेली. तिच्याकडं आठ घरं होती. सात शहरात आणि एक होटगीत. यज्ञेश्वरराव कुठं जात नसत. एका कचेरीच्या संगणक विभागात तीस वर्षं काढलेला माणूस, तो घरी बसून नोंदींची फाइल दुरुस्त करून द्यायचा.

ही फाइल म्हणजे सीएसव्ही. बाकी काही नाही, साधा मजकूर. एका भेटीची एक ओळ आणि रकाने वेगळे करायला मध्ये स्वल्पविराम. सेवकाचा कोड, घराचा नंबर, नाव, गाव, तारीख, वरचा दाब, खालचा दाब आणि शेवटी शेरा. रकाने आठ, म्हणून स्वल्पविराम सात. एवढंच पाळायचं. पण कुणी गावाच्या रकान्यात "बाळे, मारुतीमागं" असं लिहिलं की एक स्वल्पविराम वाढतो, पुढचं सगळं एक घर सरकतं आणि तारखेच्या जागी मारुती येऊन बसतो. कुणी फाइल चुकीच्या पद्धतीनं उघडली की मराठी अक्षरांची चिन्हं होतात. कोडाच्या पुढचं शून्य गळून पडतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तारीख. दिवस बाराच्या आतला असला की संगणक त्यालाच महिना समजतो. सहा मार्चला तीन जून करून ठेवतो आणि वर काही झालंच नाही असं दाखवतो.

यज्ञेश्वररावांची कामाची रीत ठरलेली होती. आधी ओळी मोजायच्या, आकडा कागदावर लिहायचा. मग एकेक चूक काढायची. शेवटी परत मोजायच्या. आकडा तोच यायला हवा. दुरुस्त करायचं, पुसायचं नाही. तीस वर्षांत त्यांनी एकही ओळ पुसली नव्हती.

ती गेल्यापासून त्यांनी फाइल हातात घेतली नव्हती, त्यामुळं या खेपेला फेब्रुवारीपासूनच्या सगळ्या ओळी एकत्र आल्या होत्या. त्यांनी मोजल्या. चार हजार दोनशे बारा. कागदावर लिहिलं आणि कामाला लागले.

दुपारी जेवण उरकून परत बसले तेव्हा जादा स्वल्पविरामांच्या ओळी बाजूला काढायचं काम चाललं होतं. बहुतेक ओळींत गोंधळ गावाच्या रकान्यात होता. मग अशा काही ओळी आल्या की ज्यांत गोंधळ शेवटी होता, शेऱ्यात.

"चहा, दशमी."

त्यांचा हात थांबला.

शेऱ्यात असं लिहिणारी मंडळात एकच बाई होती. बाकीचे "ठीक" लिहायचे, "गोळी चालू" लिहायचे. इंद्रायणी त्या घरात काय खाल्लं ते लिहायची. आणि दोन गोष्टी लिहायची, मध्ये स्वल्पविराम देऊन. दर महिन्याला फाइल दुरुस्त करताना ते कावायचे. "अगं, आणि लिही ना मध्ये. चहा आणि दशमी. माझे रकाने सरकतात."

"सरकू द्या की. एकट्या माणसानं हातानं करून काही पुढं ठेवलं, म्हणजे त्याचं बरं चाललंय. ते कळतं त्यातून. तुमच्या दाबाच्या आकड्यांतून नाही कळत."

"आकडे माझे नाहीत, मंडळाचे आहेत."

"मग मंडळाला सांगा, इंद्रायणीबाई सुधारायच्या नाहीत म्हणून."

ओळीच्या सुरुवातीला तिचा कोड होता, ०१४. घर होटगीचं, नाव सोनाबाई. तारीख तीन जून.

यज्ञेश्वररावांनी एक श्वास सोडला. तीन जून म्हणजे उलटलेली सहा मार्च. सहा मार्चला गुरुवार होता आणि होटगीला ती एकाआड एक गुरुवारी जायची. मरायच्या तीन दिवस आधी गेली होती, हे त्यांना ठाऊक होतं. त्याच्या वरची ओळ दोन जून, म्हणजे सहा फेब्रुवारी. त्यांनी दोन्ही सरळ केल्या.

थोडं खाली एक ओळ चोवीस जुलैची होती.

चोवीस नावाचा महिना नसतो. ती तारीख उलटवता येत नाही. त्यांनी खाली बघितलं. एकवीस ऑगस्ट. अठरा सप्टेंबर. सोळा ऑक्टोबर, तीस ऑक्टोबर. शेवटची तेरा नोव्हेंबर, म्हणजे गेल्या आठवड्यातली. त्यांनी भिंतीवरची दिनदर्शिका काढून मांडीवर घेतली आणि एकेक तारीख बोटानं बघितली. सगळे गुरुवार. वीस मार्चपासून एकही सुटला नव्हता. तिच्या दहाव्याच्याही नंतरच्या अठरा ओळी, सगळ्या एकाच घराच्या.

त्यांनी चेतनाला फोन लावला. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"चेतना, चौदा नंबरच्या कोडावर अजून नोंदी येतात."

"काका, तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. आम्ही सगळ्यांनी ठरवलं, वर्षश्राद्ध होईपर्यंत काकूंची घरं काकूंच्याच नावानं करायची. घरं वाटून घेतली. म्हणजे जातो आम्ही, पण कोड त्यांचा टाकतो. तुम्हाला वाईट वाटलं का?"

त्यांना वाईट वाटलं नाही. डोळे भरून आले. उगाच घाबरलो, असंही वाटलं. "नाही गं. चांगलं केलंत. होटगीला कोण जातं?"

"गुरुकाका. तिथलेच ना ते, रेल्वेतले."

गुरुकाकांचा नंबर त्यांच्याकडं होता. सहज आभार मानावेत म्हणून त्यांनी फोन केला. गुरुकाका मोठ्यांदा बोलणारा माणूस.

"होटगीला? मी कुठला हो! मी मार्चपासून पुण्यात, पोराकडं. गुडघा बदलला की माझा. चेतनाला मी तेव्हाच म्हटलं होतं, त्या घराला दुसरं कुणी बघ. का हो, कुणी जात नाही का तिकडं?"

"जातं," यज्ञेश्वरराव म्हणाले. "नोंद आहे."

फोन ठेवल्यावर ते उठून आतल्या खोलीत गेले. कपाटात तिच्या साड्यांखाली तिचा फोन होता. जूनमध्ये त्यांनीच तो नंबर बंद केला होता. बटण दाबून धरलं. काही नाही. चार्जरला लावून अर्धा तास वाट बघितली. बॅटरी फुगून मागचं झाकण वर आलं होतं. तो फोन आता कसला चालू होतोय.

परत येऊन त्यांनी दोन्हीकडच्या ओळी शेजारी शेजारी लावल्या. शहरातल्या सात घरांच्या ओळी सरळ होत्या. आठ रकाने, शेरा "ठीक", कोड नुसता १४. लोक शून्य लिहीत नाहीत. होटगीच्या अठरा ओळींत ते शून्य होतं, आणि प्रत्येक ओळीत एक स्वल्पविराम जास्त.

मग त्यांनी त्या अठरा ओळी वरपासून खालपर्यंत वाचल्या. एवढी वर्षं त्यांनी तिच्या ओळी दुरुस्त केल्या होत्या. वाचल्या मात्र कधी नव्हत्या.

चहा, भाकरी. चहा, शेंगाचटणी. चहा, शेंगाचटणी. जूनमध्ये चहा, बिस्कीट. ऑगस्टपासून नुसता कोरा चहा, साखर नाही. वरचा दाब एकशे चाळीस, दीडशे, एकशे सत्तर. ऑक्टोबरात पाणी, गूळ. तीस ऑक्टोबरला पाणी, गोळ्या संपल्या. आणि तेरा नोव्हेंबरला, दाब एकशे ब्याऐंशी, खालचा एकशे चार.

"पाणी, उठवत नाही."

शनिवारी सकाळी त्यांनी तिचं दाब मोजायचं यंत्र पिशवीत घातलं आणि स्कूटर काढली.

होटगी स्टेशनच्या मागं, रुळांच्या कडेला पाच-सहा घरं होती. नोव्हेंबर असला तरी अकराचं ऊन चांगलंच भाजत होतं. रस्त्यावर कुणी नव्हतं. लांब एक मालगाडी थांबली होती, आवाज न करता. सोनाबाईचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत बाजेवर एक वाळकी म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. पाय सुजून टम्म झालेले.

"या की," ती म्हणाली. "बाईंचं मालक न्हवं तुमी?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"पिशवी वळकली. लांबनं दिसत न्हाय मला, पन पिशवी दिसती. बसा. बाई न्हाय आली संगं?"

यज्ञेश्वरराव दाराशी पडलेल्या पोत्यावर बसायला गेले.

"तितं नगा बसू," सोनाबाई चटकन म्हणाली. "तितं बाई बसती. हिकडं बसा."

ते सरकले. पोतं मध्ये दबलेलं होतं, रोज कुणी बसावं तसं. त्यांनी तिकडं परत बघितलं नाही. यंत्र काढलं, पट्टा तिच्या दंडाला गुंडाळला. एकशे चौऱ्याऐंशी. एकशे सहा.

"आजी, इथं दर पंधरा दिवसांनी कोण येतं?"

"कोन म्हंजी? बाई येत्यात की. बेस्तरवारी. आदी लई बोलायच्या, आता बोलत न्हाईत. येत्यात, बसत्यात, माझ्याकडं बगत्यात. म्या म्हनलं, बाई, दमल्यागत दिसतीस, घरी कामाचा ताप हाय का? तर नुसती मान हालवली." ती हसली. "तुमी काम लावता व्हय तिला?"

"नाही," यज्ञेश्वरराव म्हणाले.

"मागल्या डावाला म्या म्हनलं, आता उटवंना गं मला, च्या न्हाय करता येत. तर रडली. तोंड फिरवून रडली. म्या बगितलं."

हे ऐकूनही यज्ञेश्वररावांनी तिला खरं काय ते सांगितलं नाही. कसं सांगणार? त्यांनी विचारलं, "आजी, रिक्षा आणतो. सोलापूरला दवाखान्यात चलता?"

"न्हाय बा. पोरगं दिवाळीला येतो म्हनलाय. घर उगडं टाकून कुटं जाऊ?"

"दिवाळी होऊन महिना झाला आजी."

"मंग पुडच्या दिवाळीला यील," ती शांतपणे म्हणाली. "डाक्टर हितं आला तर दावते की पाय. माजं काय न्हाय म्हननं."

त्यांनी खूप समजावलं. ती ऐकेना. शेवटी ते गावातल्या औषधाच्या दुकानात गेले, तिची जुनी चिठ्ठी दाखवून चार दिवसांच्या गोळ्या घेतल्या. शेजारच्या नीलम्मा नावाच्या बाईला सकाळ-संध्याकाळ गोळी आणि घासभर भात द्यायला सांगितलं. निघताना सोनाबाईनं उशीखालून डबा काढला. "कायतरी तोंडात टाकल्याबिगर जायचं न्हाय. बाईची रीत हाय ती." डब्यात गुळाचा खडा होता. त्यांनी तो खाल्ला, माठातलं पाणी प्याले.

घरी येऊन चपला काढायच्या आत त्यांनी चेतनाला फोन केला. सोनाबाईला मंगळवारच्या गाडीत घ्यायलाच हवं, म्हणाले.

"काका, माझ्या हातात नाही हो ते. पुण्याच्या मुख्य कचेरीत यादी फाइलवरून निघते. नव्वद दिवसांत ज्या घरी कुणी गेलं नाही, ती वीस घरं. मागं हातानं नावं घातली तर केवढी भांडणं झाली, तुम्हाला माहीत आहे. सोनाबाईंच्या घरी तर गेल्या आठवड्याची भेट दिसतेय."

"ती भेट खरी नाही."

"मग कुणी भरली?"

यज्ञेश्वररावांनी पिशवीतलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं.

"काका, पुढची गाडी फेब्रुवारीत," चेतना हळूच म्हणाली. "फाइल तुमच्याकडंच आहे."

फेब्रुवारीपर्यंत म्हातारी राहत नाही, हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता.

दुपारचे तीन वाजले होते. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज येत होता. ते संगणकापुढं बसले. काम साधं होतं. अठरा ओळी पुसल्या की सोनाबाईची शेवटची भेट सहा मार्चची उरायची आणि ती यादीत पहिली लागायची. तरी हात पुढं होईना. हा काही नुसता जुना नियम नव्हता. गेल्यानंतरही इंद्रायणी सुटली नव्हती, अठरा वेळा त्या पोत्यावर येऊन बसली होती, आणि तिनं काय लिहिलं ते वाचणारा जगात एकच माणूस होता. त्यानंच ते पुसायचं.

खूप वेळ गेला. मग त्यांनी पहिली ओळ निवडली आणि पुसली. दुसरी. तिसरी. एकदम पुसता आल्या असत्या, पण त्यांनी एकेक पुसली, प्रत्येक ओळ तोंडानं वाचून. चहा, भाकरी. चहा, शेंगाचटणी. अठरावी पुसून फाइल जतन केली आणि रीतीप्रमाणे मोजणी लावली. चार हजार दोनशे बारातून अठरा गेल्या, चार हजार एकशे चौऱ्याण्णव यायला हव्या.

चार हजार एकशे पंचाण्णव आल्या.

त्यांनी परत मोजल्या. पंचाण्णव. कालचा कागद बघितला. अक्षर त्यांचंच, आकडा बरोबर. एक ओळ जास्त होती.

ती कुठं असेल हे त्यांना कळलं होतं. ते अगदी तळाला गेले.

०१४, होटगी, सोनाबाई. तारीख बावीस नोव्हेंबर, म्हणजे आजची. एकशे चौऱ्याऐंशी, एकशे सहा. आणि शेरा: पाणी, गूळ.

दाबाचा आकडा त्यांनी कुणाला सांगितला नव्हता. चेतनाला नाही, दुकानदाराला नाही, नीलम्मालाही नाही. गुळाचं तर सांगण्याचा प्रश्नच नव्हता. फाइल कालपासून याच संगणकात होती. त्यांनी मागं वळून बघितलं नाही. आतल्या खोलीत पंखा बंद होता आणि कपाटाचं दार त्यांनी काल लावलं होतं तसंच होतं, एवढं त्यांना डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होतं. भीती वाटत होती का? वाटत होती. पण उठून जावंसं वाटत नव्हतं.

"इंद्रायणी," ते म्हणाले. साडेआठ महिन्यांत त्यांनी हे नाव मोठ्यानं घेतलं नव्हतं. "मी वाचलं. सगळं वाचलं. आधी वाचायला पाहिजे होतं."

पाण्याचा आवाज थांबला होता.

"पण तू जात राहिलीस ना, तर तिच्याकडं डॉक्टर येत नाही. तुझी ओळ दिसते म्हणून येत नाही. तू जाऊ नकोस आता."

वाट बघण्यासारखं काही नव्हतं, तरी त्यांनी थोडी वाट बघितली. मग ती ओळ पुसली. मोजल्या. चार हजार एकशे चौऱ्याण्णव. बंद करून परत उघडली, परत मोजल्या. चौऱ्याण्णवच. फाइल चेतनाला पाठवली आणि संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहिले.

मंगळवारी गाडी पहिल्यांदा होटगीलाच गेली. डॉक्टरांनी सोनाबाईला बघितलं आणि तिचं काही न ऐकता उचलून दवाखान्यात आणलं. आणखी आठवडा गेला असता तर कठीण होतं, असं म्हणाले. दहा दिवसांनी सूज उतरली, दाब खाली आला, आणि बरी झाली म्हणून घरी सोडलं.

त्यानंतरच्या शुक्रवारी यज्ञेश्वरराव होटगीला गेले. सोनाबाई उठून चुलीपुढं बसली होती. चहा उकळत होता. तिनं त्यांच्याकडं बघितलं, मग त्यांच्या मागं दाराकडं बघितलं.

"बसा," ती म्हणाली. या वेळी तिनं त्यांना पोत्यावर बसू दिलं. "म्या दवाखान्यात हुते तवा न्हाय आली, त्ये कळलं. घर बंद हुतं. पन काल बेस्तरवार हुता. काल म्या हितंच हुते. दिस मावळंस्तवर दार उगडं ठिवलं." चहा गाळता गाळता ती थांबली. "तुमी काय बोल्लात व्हय तिला?"

यज्ञेश्वरराव मान खाली घालून बसले होते.

"बोललो," ते म्हणाले.

सोनाबाईनं चहाची बशी त्यांच्यापुढं सरकवली. मग चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"आसं करू न्हाई," ती शेवटी म्हणाली. "मानूस घरी येत हुतं की वो."